कॉम्प्युटरचा निळा स्क्रीन आणि आईच्या कालनिर्णयवरच्या नऊ फुल्या

परवा ऑफिसमधल्या एकाने विचारलं, घरचा पीसी सारखा निळा होऊन बंद पडतोय, विंडोज मारून घेऊ का, म्हणजे पुसून नव्याने टाकू का. मी म्हटलं थांब, अजिबात मारू नकोस, आधी मी काय काय मूर्खपणा केलाय तो ऐक. कॅन्टीनमधला चहा संपला तरी माझी गोष्ट काही संपली नाही, म्हणून आता सगळं इथेच लिहून टाकतोय. लांबलंय, माहितीये.

गोष्ट २०२४ च्या दिवाळीनंतरची. मी नाशिकला इंदिरानगरात राहतो, नोकरी सातपूरला, आणि संध्याकाळी घरी बसून अंबडच्या दोन-तीन फॅब्रिकेशनवाल्यांची ड्रॉइंगं करून देतो, जिने, पत्र्याच्या शेड, गेट, असलंच काहीतरी. म्हणजे घरचा कॉम्प्युटर बंद पडला की नुसती करमणूक जात नाही, चार पैसेही जातात. मशीन २०२० सालचं, लॉकडाऊन जरा ढिला झाल्यावर असेंबल करून घेतलेलं, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चा बोर्ड आणि ८ जीबीची एक रॅम, म्हणजे चालू काम धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी. चार वर्षं एकदाही कुरकूर नाही. फक्त एकीकडे ड्रॉइंग, एकीकडे क्रोमचे वीस टॅब आणि मधेच मुलीचा क्लास असं झालं की रडायचा, म्हणून पाडव्याचा मुहूर्त धरून, २ नोव्हेंबरला, कॅनडा कॉर्नरकडच्या एका दुकानातून अजून एक ८ जीबीची रॅम आणली, सतराशेला. जुनीवरही वेग ३२०० लिहिलेला, नवीवरही ३२००, कंपनी वेगळी पण म्हटलं चालतंय. बसवली, चालू केला, १६ जीबी दिसले, मी खूश. पुढचे आठ दिवस सगळं लोण्यासारखं चाललं. हे आठ दिवस लक्षात ठेवा, पुढे ह्यांनीच माझी वाट लावली.

पहिला झटका १२ नोव्हेंबरला. तारीख पाठ आहे कारण कार्तिकी एकादशी होती आणि आई सकाळी कॉम्प्युटरवर पंढरपूरचं लाइव्ह लावून बसलेली. मी आंघोळीला. बाहेरून हाक आली, "अरे, हे तोंड पाडून बसलंय बघ!" बाहेर येऊन बघतो तर अख्खा स्क्रीन निळा, वर तो दोन ठिपके आणि कंसाचा रडका चेहरा, खाली इंग्रजीत की तुमच्या मशीनला काहीतरी अडचण आलीये, आम्ही माहिती गोळा करतोय, शून्य टक्के, वीस टक्के, आणि शंभर झाल्यावर आपोआप रिस्टार्ट. आईला वाटलं तिच्या हातून काहीतरी दाबलं गेलं. मी म्हटलं नाही गं, होतं असं कधीतरी. तिने काही न बोलता स्वयंपाकघरात जाऊन कालनिर्णयवर त्या दिवसाच्या चौकोनात एक बारीक फुली मारली. तेव्हा मी बघितलंही नाही ते.

आमच्या आईचं कालनिर्णय म्हणजे घराची ब्लॅकबॉक्स आहे. दूध कमी आलं, बाई आली नाही, सिलिंडर लावला, कोणाला किती उसने दिले, कोणाच्या बारशाला काय दिलं, सगळं त्या दीड इंची चौकोनात, पेन्सिलने, आणि अक्षर असं की फक्त तिला आणि देवाला वाचता येईल.

१४ तारखेला दुसऱ्यांदा. ह्यावेळी मी स्वतः बसलेलो, जिन्याचं ड्रॉइंग जवळजवळ होत आलेलं, आणि ऑटोसेव्ह कधीतरी मीच शहाणपणा करून ३० मिनिटांवर नेऊन ठेवलेलं, त्यामुळे पंचवीस मिनिटांचं काम गेलं. पहिल्या वेळी निळ्या स्क्रीनवर खाली येणारा कोड होता आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. दुसऱ्या वेळी पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया. मी दोन्ही गुगल केले आणि प्रत्येकावर जेवढे उपाय सापडले त्यावरून एवढंच कळलं की कॉम्प्युटरमधली कुठलीही गोष्ट बिघडलेली असू शकते. धन्यवाद.

इथे जरा थांबून सांगतो, कारण हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझा महिना वाचला असता. निळा स्क्रीन हा आजार नाहीये, तो एमसीबी आहे. घरात कुठे शॉर्ट झालं की एमसीबी खाली पडतो, आपण काही एमसीबीला शिव्या देत नाही, गीझर बघतो, इस्त्री बघतो. तसंच विंडोजच्या अगदी आतल्या भागात, ज्याला कर्नल म्हणतात, तिथे काहीतरी असं घडलं की आता पुढे चालत राहिलो तर डेटाची वाट लागेल, तर ते स्वतःहून सगळं थांबवतं. साधा प्रोग्रॅम गंडला तर तो एकटा बंद होतो, बाकी सगळं चालू राहतं. पण ड्रायव्हर, म्हणजे वायफाय-प्रिंटर असल्या वस्तू चालवणारं सॉफ्टवेअर, अँटीव्हायरस असली मंडळी आत माजघरात वावरत असतात, त्यांनी चूक केली की अख्खं घर झोपतं. त्याच वर्षी १९ जुलैला क्राउडस्ट्राइकच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात ८५ लाख विंडोज मशीन निळी झाली होती, आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले, आठवत असेल. ते हेच. एक फाइल, पण माजघरातली.

आणि दुसरं, त्या स्क्रीनवर जे नाव येतं ते नाव म्हणजे निदान नाही. एमसीबी कुठल्या क्षणी पडला एवढंच ते सांगतं. तो क्यूआर कोड पण स्कॅन करून बघितला मी, तो मायक्रोसॉफ्टच्या एका जनरल पानावर नेतो, आपल्या मशीनबद्दल त्यात काहीही नसतं.

असो. १७ तारखेला रविवार, मिसळ खाऊन आलो, म्हटलं आज हा निकाल लावायचाच, तर कॅड, म्हणजे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर, उघडायच्या आत तिसरा स्क्रीन, सिस्टिम सर्व्हिस एक्सेप्शन. आता मी जरा पद्धतशीर झालो. आधी ते आपोआप रिस्टार्ट होणं बंद केलं, म्हणजे स्क्रीन तसाच राहतो आणि मोबाइलने फोटो काढता येतो. सिस्टिम प्रॉपर्टीजमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी, त्यात ऑटोमॅटिकली रिस्टार्टची टिक काढायची. मग सी ड्राइव्हवर विंडोजच्या फोल्डरात मिनीडंप नावाचं फोल्डर असतं, प्रत्येक क्रॅशची एक छोटी फाइल तिथे पडलेली असते. ती वाचायला ब्लूस्क्रीनव्ह्यू नावाचं फुकटचं छोटं सॉफ्टवेअर आहे, मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं विनडीबीजी पण आहे पण ते उघडलं की दहावीचा पेपर समोर आल्यासारखं होतं.

तीन फाइलींपैकी दोनमध्ये आरोपी म्हणून नाव होतं एनटीओएसकर्नल. मी लगेच उत्साहात, सापडला! अहो पण तो कर्नल स्वतःच आहे. म्हणजे चोरी झाली आणि पंचनाम्यात घरमालकाचंच नाव. बहुतेक डंपमध्ये हेच येतं, कारण गोंधळ दुसऱ्याने घातलेला असतो आणि कोसळताना काम कर्नलच्या हातात असतं. तिसऱ्या फाइलमध्ये मात्र वायफायच्या डोंगलचा ड्रायव्हर. मग काय, डोंगलचा ड्रायव्हर काढला, नवा टाकला, आणि बायकोला सांगितलं की झालं काम. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, कर्नल पॉवर ४१ अशी लाल नोंद पण प्रत्येक वेळी दिसत होती, त्यावर मी अर्धा दिवस घालवला, पॉवर म्हणजे वीज म्हणजे सप्लाय खराब असं मनाशी धरून. त्या नोंदीचा अर्थ फक्त इतकाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद झालं. ते तर मला पण माहिती होतं ना.

१९ ला चौथा. कर्नल सिक्युरिटी चेक फेल्युअर. डोंगल निर्दोष.

चार वेळा चार वेगळी नावं. आज मला कोणी हे सांगितलं तर मी ड्रायव्हरकडे बघणारसुद्धा नाही. एकच ड्रायव्हर बिघडलेला असेल तर तो शक्यतो त्याच त्याच नावाने आणि त्याच त्याच कामाच्या वेळी पडतो, प्रिंट दिली की पडला, गेम लावला की पडला. दरवेळी नवीन नाव, नवीन वेळ, कधी कॅड कधी यूट्यूब, म्हणजे खालची जमीनच हलतीये, रॅम, तापमान, सप्लाय, ह्यातलं काहीतरी. पण तेव्हा मला हे कुठे माहिती. आणि रॅमचा संशय आला नव्हता असं नाही बरं का. आलेला. पण मी स्वतःला समजावलं की रॅम बसवून आठ दिवस व्यवस्थित चाललंय, रॅम खराब असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. शिवाय विंडोजमधलं मेमरी डायग्नॉस्टिक चालवलं, पंधरा-वीस मिनिटांत त्याने सांगितलं काही दोष नाही. झालं, रॅमला क्लीन चिट. ते टूल वरवरचं आहे, त्याने दोष दाखवला तर खरा मानायचा, पण नाही दाखवला तर फारसा अर्थ नाही, हे नंतर कळलं.

त्याच रात्री एसएफसी स्कॅननाऊ, ही विंडोजच्या फाइली तपासायची कमांड, पण मारलं. काही सिस्टिम फाइल्स खराब सापडल्या, दुरुस्त केल्या असं म्हणाला. छान. पुन्हा मारलं तर पुन्हा खराब सापडल्या. इथे माझ्या डोक्यात घंटा वाजायला हवी होती.

२० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, सुट्टी. सकाळी मतदान करून आलो आणि बोटाची शाई वाळायच्या आत पेनड्राइव्ह लावून विंडोज मारायला बसलो. पहिल्या प्रयत्नात अठ्ठावन्न टक्क्यांवर एरर, फाइल कॉपी करता आली नाही म्हणे. मी पेनड्राइव्हला दोष दिला, दुसरा शोधला, परत सगळं त्यावर उतरवलं, दुसऱ्यांदा झालं इन्स्टॉल. मग दिवसभर कॅड, प्रिंटर, आईचं मराठी टायपिंग, मुलीचं क्लासचं सॉफ्टवेअर, एकेक टाकत बसलो. रात्री अकराला उठलो तेव्हा पाठ मोडलेली, पण मन शांत. नवीकोरी विंडोज, आता काय होणार.

२१ ला संध्याकाळी साडेसातला झालं. पेज फॉल्ट, परत.

कोऱ्या विंडोजवर जर पडत असेल, त्यातून विंडोज टाकताना फाइलीच नीट उतरत नसतील, तर तो सॉफ्टवेअरचा प्रश्न उरतच नाही, शंभरातल्या नव्वद वेळा तरी. म्हणून ज्याने मला विचारलं त्याला मी म्हटलं की विंडोज मारू नको. मारलं की त्रास जात नाही, उलट डंप फाइली आणि जुन्या नोंदी, म्हणजे सगळा पुरावा पुसला जातो.

पण सगळ्यात जास्त घाबरलो २४ तारखेला. मुलीच्या वाढदिवसाचे फोटो फोनमधून कॉम्प्युटरवर घेतले, तीनशेच्या आसपास. नुसते चाळत होतो तर एक फोटो असा की वरचा भाग बरोबर, केकवरची मेणबत्ती, तिचा फुगवलेला गाल, आणि गालाच्या खाली सगळं राखाडी. सरळ रेघ मारून कापल्यासारखं. पुढे अजून एक, त्यात अर्ध्यातून रंग उलटेपालटे, आजीची साडी जांभळ्याची हिरवी. मोजले तर अकरा फोटो असे. फोनमध्ये तेच फोटो एकदम चांगले. आणि मी फोन भरलाय म्हणून तिथले डिलीट करायला बोट लावलंच होतं! ते स्क्रीन निळं होणं परवडलं, निदान सांगून तरी होतं, हे असं न सांगता फाइल नासवणं भयंकर आहे. फोनवरून निघालेला फोटो डिस्कवर जायच्या आधी रॅममधून जातो, आणि तिथे एक बिट जरी इकडचं तिकडे झालं तरी डिस्क बिचारी जे हातात पडेल ते इमानेइतबारे लिहून ठेवते.

पण नाही, तेव्हा हे डोक्यात आलंच नाही. मी काय केलं, क्रिस्टलडिस्कइन्फो टाकून एसएसडीची तब्येत बघितली, ती ९४ टक्के, गुड. मग तापमान बघितलं, ते पण ठीक. मग हार मानली आणि २७ ला मशीन उचलून दुकानात नेलं. दुकानाचं नाव घेत नाही, माणूस तसा वाईट नव्हता. दोन दिवस ठेवून घेतलं आणि फोन केला, "सर, दोन दिवस चालू ठेवलाय, एकदाही बंद नाही पडला, तुमच्या घरच्या लाइटचा प्रॉब्लेम असेल, एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, टाकून घ्या, नाहीतर मग बोर्ड जातोय." आता विचार केला तर साहजिकच आहे, नुसता डेस्कटॉप उघडा ठेवून दिला तर रॅम कितीशी वापरली जाणार. पण मी घाबरलेलो, २८०० चा नवीन एसएमपीएस घेतला, वर साफसफाईचे पाचशे. ३० तारखेला घरी आणला. १ डिसेंबरला दुपारी आई तिचं हरिपाठाचं लावून बसली आणि आतून आवाज आला, "परत तोंड पाडलं!"

५ डिसेंबरला अजून एक, ह्या वेळेस कोड सरळ मेमरी मॅनेजमेंट. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात थोडा उजेड पडायला लागला, पण आठ दिवस चाललं होतं ना, ते आठ दिवस काही केल्या मधून हलेनात.

७ डिसेंबरला चंपाषष्ठी. घरात भरीत-भाकरीचा नैवेद्य, वांग्याचा खरपूस वास भरलेला, आणि आई ओट्यापाशी हाताला पीठ लागलेलं म्हणून मला म्हणाली, "अरे, गॅस कधी लावला बघ बरं, मागच्या पानावर असेल." मी नोव्हेंबरचं पान उलटलं. सिलिंडर शोधतोय तर मधे मधे बारीक बारीक फुल्या. म्हटलं ह्या कसल्या?

"तुझा कॉम्प्युटर बंद पडला की मारते. दुधाच्या खाड्यासारखं. तुला विचारलं तर तू सांगतोस का नीट?"

बारा, चौदा, सतरा, एकोणीस, एकवीस, चोवीस, सव्वीस. पुढच्या पानावर एक आणि पाच. नऊ. मी ज्याला पद्धतशीर म्हणत होतो त्यात मला स्वतःला सव्वीस आठवतच नव्हती. आणि मग पहिल्या फुलीच्या वरच्या ओळीत, दहा तारखेच्या चौकोनात, रविवारी, पेन्सिलने लिहिलेलं: "कॉम्प. उघडला. जेवण ४ वा."

मी तिथेच ओट्याला टेकून उभा राहिलो. दहा तारखेला मी धूळ काढायला मशीन उघडलं होतं. आणि धूळ काढून झाल्यावर, यूट्यूबवर कोणाचा तरी व्हिडिओ बघून, की तुम्ही ३२०० ची रॅम घेता आणि ती २४०० वर चालवता म्हणजे पैसे पाण्यात, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन, एक्सएमपी, रॅमचा वेग वाढवणारं सेटिंग, चालू केलं होतं. एक क्लिक. सेव्ह अँड एक्झिट. आणि विसरून गेलो, इतकं साफ विसरलो की नंतरच्या महिनाभरात एकदाही आठवलं नाही. दोन तारखेपासून दहापर्यंत रॅम २४०० वर चालत होती म्हणून सगळं ठीक होतं. ते आठ दिवस रॅमच्या बाजूची साक्ष नव्हतेच, माझ्या विरुद्धची होती. आणि विंडोज कितीही वेळा मारली तरी बायोसचं सेटिंग बोर्डवर असतं, डिस्कवर नाही, त्यामुळे ते जागचं हललं नाही.

"मिळाला का गॅस?" आईने विचारलं. अठराला लावलेला होता.

जेवलो आणि मशीन उघडलं. टॉर्च मारून दोन्ही रॅमची लेबलं पहिल्यांदा नीट वाचली. जुनीवर: ३२००, सीएल १६, १.३५ व्होल्ट. नवीवर: ३२००, सीएल २२, १.२ व्होल्ट. म्हणजे वेग दोघींचा ३२०० खरा, पण जुनी हाक मारल्यावर १६ ठोक्यांत ओ देते आणि नवी २२ ठोक्यांत. बरं, जुनी मुळातली २४०० चीच, ती ३२०० वर चालते ते एक्सएमपी नावाच्या जास्तीच्या सेटिंगने, थोडं व्होल्टेज चढवून. ते चालू केल्यावर बोर्डने जुनीचं वेळापत्रक उचललं आणि दोघींना लावलं. नवीला म्हटलं तू पण सोळातच ओ दे. ती बिचारी बहुतेक वेळा देत होती. कधीतरी चुकायची. आणि ती चूक कधी कर्नलच्या हातात पडली तर निळा स्क्रीन, कधी वाढदिवसाच्या फोटोत पडली तर राखाडी गाल. तुळशीच्या लग्नाच्या हंगामात मी छत्तीस गुण बघून लग्न लावलं आणि स्वभाव बघितलाच नाही.

आता हा फक्त अंदाज झाला, आणि अंदाजावर मी आधीच ३३०० रुपये घालवलेले. म्हणून मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर घेतलं. हे विंडोजच्या बाहेर चालतं, पेनड्राइव्हवरून सरळ बूट होतं आणि रॅमचा कोपरा न् कोपरा वेगवेगळे आकडे लिहून, परत वाचून तपासतं. फुकटच्या व्हर्जनमध्ये चार फेऱ्या होतात, १६ जीबीला अख्खी रात्र जाते. आणि ह्या वेळेस वहीत लिहून, एका वेळी फक्त एकच गोष्ट बदलायची असं ठरवलं, आईचं बघून म्हणा.

एक्सएमपी चालू, दोन्ही रॅम जागेवर: विसाव्या मिनिटाला लाल ओळी सुरू. नाशिकची डिसेंबरातली थंडी, मी शाल गुंडाळून खुर्चीत, आणि त्या लाल ओळी बघून मला जो आनंद झालाय, कोणाला सांगितला तर वेड्यात काढतील. बायको पाणी प्यायला उठलेली, म्हणाली, "अहो, एवढं लाल आलंय आणि हसताय काय?"

दुसऱ्या दिवशी जुनी एकटी, एक्सएमपी चालू: चारही फेऱ्या स्वच्छ. सोमवारी रात्री नवी एकटी, एक्सएमपी बंद, ती तशीच आपोआप ३२०० वर येते, सीएल २२ ने: स्वच्छ. मंगळवारी दोन्ही परत, एक्सएमपी बंद, म्हणजे दोघी २४०० वर: स्वच्छ. म्हणजे दोन्हीपैकी एकही खराब नव्हती. दुकानात नेऊन बदलून मागितली असती तर त्यांनी एकटी लावून बघितली असती आणि चांगली आहे म्हणून परत हातात दिली असती, आणि मी परत गोल गोल.

एक्सएमपी बंदच ठेवलं. कॅडमध्ये २४०० आणि ३२०० चा फरक मला तरी जाणवत नाही, गेम खेळणाऱ्यांना जाणवत असेल. नंतर एकदा ३२०० आणि सीएल २२ असं दोघींना हाताने भरून पण बघितलं, तेही रात्रभर पास झालं, पण सकाळी मी गुपचूप परत २४०० वर आणलं. दुधाने तोंड पोळलंय, ताक फुंकून पितोय, पिऊ द्या. दोन सारख्या रॅमचा जुळा सेट घ्यावा असं तेव्हा मनात होतं, पण २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जिथे जाऊन बसले ते बघता ह्याच दोघींनी संसार करावा हे बरं. एक काम मात्र लगेच केलं, तोवर कॉपी झालेल्या सगळ्या फाइली आणि नोव्हेंबरातली ड्रॉइंगं एकेक उघडून तपासली, दोन बिघडलेली निघाली, ती परत काढली. आणि विंडोज परत एकदा मारली, कारण आधीची रॅम चुकत असताना बसवलेली, तिच्यात काय काय अर्धवट उतरलंय कोणास ठाऊक.

ऑफिसातल्या त्याला मी फक्त एवढंच विचारलं, बंद पडायला लागायच्या आधीच्या पंधरा दिवसांत तू मशीनला काय केलंस? तो म्हणाला काहीच नाही. मी म्हटलं घरी जाऊन विचार.

वर्ष होऊन गेलं, निळा स्क्रीन परत आलेला नाही. २०२५ च्या कालनिर्णयवर मार्चमध्ये एक फुली आहे. मी आईला म्हटलं, अगं त्या दिवशी लाइट गेली होती, ती धरू नको. ती म्हणाली, "बंद पडला ना? मग." फुली अजून तशीच आहे.